इंटरनेटचे पत्ते संपले, पुढे काय?

कोल्हापूर : इंटरनेटवरील प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता लागतो. १९८१ मध्ये निश्चित झालेल्या ‘आयपीव्ही ४’ पद्धतीत हा पत्ता ३२ बिटचा असल्याने सुमारे ४२९ कोटीच पत्ते शक्य होते. जागतिक साठ्यातील अखेरचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले.

तरीही इंटरनेट सुरू आहे. कारण वाड्यातील अनेक बिऱ्हाडांचा घरक्रमांक एकच असावा, तसा एकच पत्ता सेवा कंपन्या अनेक ग्राहकांना देतात. ही तडजोड निर्दोष नाही. अशी जोडणी असलेल्या गुजरीतील सराफाला दुकानातील कॅमेरा घरून थेट पाहता येत नाही. मध्यस्थ सर्व्हरचा आधार घ्यावा लागतो. सायबर गुन्ह्याच्या तपासात पत्त्याबरोबर अचूक वेळ व पोर्ट क्रमांकाची नोंद नसेल, तर निरपराध ग्राहकावरही संशय येऊ शकतो.

कायमचा उपाय म्हणजे १२८ बिटची ‘आयपीव्ही ६’ पद्धती. तीत ३४ या आकड्यावर ३७ शून्ये द्यावीत, इतके पत्ते आहेत. २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर भारतातील मोबाइलवर तिचा वेगाने प्रसार झाला. मात्र या दोन पद्धतींत थेट संवाद होत नाही आणि अनेक जुनी उपकरणे जुनीच पद्धती जाणतात. त्यामुळे नवा राउटर किंवा कॅमेरा घेताना त्यात ‘आयपीव्ही ६’ची सोय आहे का, हे पाहणे ग्राहकांच्या हिताचे ठरेल.