विणकराचा माग

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या आजोबांचे नाव तुम्हांला सांगता येईल काय? राजेरजवाड्यांच्या वंशावळी बखरींत सापडतात. परंतु ज्याने जन्मभर मजुरी केली आणि ज्याला अक्षरओळखही नव्हती, अशा पूर्वजाचा शोध कसा घ्यावा? इंग्लंडमधील लोक हा शोध मुख्यतः दोन प्रकारच्या जुन्या दप्तरांतून घेतात.

पहिले दप्तर चर्चचे. आपल्या हद्दीतील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद प्रत्येक चर्चने ठेवावी, असा आदेश तेथे १५३८ साली निघाला. १८१३ पासून दफननोंदीसाठी छापील वह्या आल्या. त्यांत मृताचे नाव, वस्तीचे ठिकाण, दफनाची तारीख व वय लिहीत. दुसरे दप्तर जनगणनेचे. दर दहा वर्षांची जनगणना १८०१ साली सुरू झाली आणि १८४१ पासूनच्या याद्यांत घरोघरच्या माणसांची नावे मिळतात. या याद्या शंभर वर्षे गुप्त ठेवून मग सर्वांना खुल्या करतात.

शोध नेहमी शेवटाकडून आरंभाकडे न्यावा. समजा, लँकेशायरमधील एका विणकराची दफननोंद आपल्या हाती आली : साल १८६९, वय ६२. वजाबाकी केली, की जन्म १८०७ च्या सुमाराचा ठरतो. आता १८६१ ची यादी पाहू. त्याच गावात त्याच नावाचा माणूस आहे, वय ५४. १८५१ च्या यादीत वय ४४. बायकोमुलांची नावे दोन्हींकडे जुळतात. तेव्हा माणूस तोच. १८४१ मध्ये मात्र त्याचे वय ३० लिहिलेले आहे! ते ३४ असावयास हवे होते. मग हा दुसराच कोणी काय? नव्हे. त्या वर्षी पंधरा वर्षांवरील माणसांचे वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहावे, असा नियम होता. चौतीसचे तीस झाले ते यामुळे.

आता धंद्याचा रकाना वाचा. १८४१ व १८५१ मध्ये ‘हातमागाचा विणकर’, तर १८६१ मध्ये नुसते ‘मजूर’. यंत्रमागांनी हातमाग बंद पाडले, हा इतिहास या एका शब्दात दिसतो. १८४१ मध्ये दोन वर्षांची असलेली धाकटी मुलगी १८५१ च्या यादीत नाही. पुन्हा दफनाची वही उघडावी. तेथे १८४३ सालाखाली तिचे नाव आहे, वय ४. विवाहाच्या वहीत बापाच्या सहीच्या जागी फुलीची खूण आहे.

पुष्कळ गरिबांच्या थडग्यांवर दगडही बसत नसे. एकाच खड्ड्यात अनेकांना पुरीत. त्या विणकराचे स्मारक म्हणजे वहीतील या चार ओळीच होत. म्हणून त्या नीट वाचाव्यात, एकमेकींशी पडताळाव्यात आणि एकाच नोंदीवर विसंबून राहू नये.

आपल्याकडे जनगणनेतील व्यक्तीची माहिती गुप्त राखतात. तथापि गावच्या कोतवाल बुकात जुन्या जन्ममृत्यूंच्या नोंदी आढळतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यांची नावे असतात. पण तुमचा शोध घरापासूनच सुरू करा. आज सायंकाळी आजीजवळ बसा, तिला आठवतील तेवढी नावे विचारा आणि ती वहीत उतरवून ठेवा.