तोमोको ओता

तोमोको ओता (जन्म : ७ सप्टेंबर १९३३) या जपानी आनुवंशिकीशास्त्रज्ञ असून रेणवीय उत्क्रांतीच्या ‘जवळजवळ उदासीन सिद्धांता’च्या जनक म्हणून त्या ओळखल्या जातात. किंचित अपायकारक असलेले उत्परिवर्तनही लहान जीवसंख्येत केवळ योगायोगाने सर्व व्यक्तींमध्ये पसरू शकते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होय. त्यामुळे एखाद्या जातीतील प्राण्यांची संख्या ही तिच्या जनुकांच्या उत्क्रांतीचा वेग ठरवणारी गोष्ट बनते.

आरंभीचे जीवन

ओता यांचा जन्म जपानच्या आइची प्रांतातील मियोशी येथे झाला. १९५६ साली त्यांनी टोक्यो विद्यापीठातून कृषिशाखेची पदवी घेतली. त्यानंतर किहारा जीवशास्त्र संशोधन संस्थेत त्यांनी गहू आणि शुगरबीट यांच्या गुणसूत्रांवर काम केले. १९६२ मध्ये त्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात गेल्या. तेथे केन-इची कोजिमा यांच्या मार्गदर्शनाखाली त्या सूक्ष्मदर्शकाकडून गणिताकडे, म्हणजे जीवसंख्या आनुवंशिकीकडे, वळल्या आणि १९६६ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. मायदेशी परतल्यावर मिशिमा येथील राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेत मोतो किमुरा यांच्यासोबत त्यांनी संशोधन सुरू केले. पुढील सारी कारकीर्द त्यांनी याच संस्थेत व्यतीत केली.

उदासीन सिद्धांत आणि किमुरा यांच्यासोबतचे कार्य

ओता मिशिमाला आल्या त्या सुमारास उत्क्रांतिविज्ञानात मोठी खळबळ चालू होती. १९६६ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन आणि जॅक हबी यांनी विद्युतकणसंचलन तंत्राने फळमाश्यांची प्रथिने तपासली. त्यांत कोणाच्याही अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक विविधता आढळली. हे सारे भेद नैसर्गिक निवडीने टिकवून धरले आहेत असे मानणे कठीण होते. १९६८ मध्ये किमुरा यांनी वेगळे उत्तर सुचवले : रेणूंच्या पातळीवर होणारे बहुतेक बदल जीवाला हितकारकही नसतात आणि अपायकारकही नसतात. ते उदासीन असतात आणि पिढ्यानपिढ्या निव्वळ योगायोगाने त्यांचे प्रमाण वाढते किंवा घटते. या योगायोगाच्या चढउतारास जनुकीय विचलन म्हणतात.

या सिद्धांतातील गणित साधे, परंतु विलक्षण आहे. ‘न’ व्यक्तींच्या जीवसंख्येत प्रत्येक जनुकाच्या २न प्रती असतात. उत्परिवर्तनाचा दर ‘उ’ मानला, तर दर पिढीला २न × उ इतकी नवी उत्परिवर्तने उद्भवतात. त्यांपैकी एखादे उदासीन उत्परिवर्तन कालांतराने साऱ्या जीवसंख्येत पसरण्याची संभाव्यता २न मध्ये एक एवढीच असते. गुणाकार केला की ‘न’ नाहीसा होतो आणि उत्क्रांतीचा दर केवळ ‘उ’ उरतो. जात लाखोंच्या संख्येने असो वा शेकड्यांच्या, या हिशेबाप्रमाणे तिच्या रेणवीय उत्क्रांतीचा वेग बदलत नाही. गाळला गेलेला हा ‘न’ ओता यांनी पुढे परत आणला. त्यांच्या कार्याचे मर्म यातच आहे.

ओता आणि किमुरा यांनी मिळून या सिद्धांताची गणिती बाजू भक्कम केली. उदासीन उत्परिवर्तन जीवसंख्येत पूर्ण पसरावयाचे असेल, तर त्यास सरासरी प्रभावी जीवसंख्येच्या चौपट पिढ्या लागतात, हे त्यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले. जातीच्या अंतर्गत दिसणारी प्रथिनांची विविधता आणि जाती-जातींमधील फरक या एकाच प्रक्रियेच्या दोन अवस्था आहेत, ही मांडणी त्यांच्या १९७१ मधील लेखात आढळते.

जवळजवळ उदासीन सिद्धांत

उदासीन सिद्धांतापुढे एक अडचण होती. उत्परिवर्तनांचा दर मुख्यतः पिढीगणिक मोजला जातो. उंदराच्या पिढ्या झपाट्याने उलटतात, हत्तीच्या संथपणे. तेव्हा दरवर्षी उंदराच्या प्रथिनांत अधिक बदल साचले पाहिजेत. प्रत्यक्षात प्रथिनांची उत्क्रांती पिढीपेक्षा वर्षाशी सुसंगत, साधारण एकसारख्या वेगाने होताना दिसत होती. असे का व्हावे, याचा समाधानकारक खुलासा मिळत नव्हता.

ओता यांचे उत्तर असे : उत्परिवर्तनांचे ‘उदासीन’ आणि ‘अपायकारक’ असे दोनच कप्पे करणे चुकीचे आहे. या दोहोंच्या सीमेवर अत्यल्प अपाय करणाऱ्या उत्परिवर्तनांचा मोठा वर्ग आहे. त्यांचे भवितव्य अपाय किती यावर जितके, तितकेच जीवसंख्या किती यावरही अवलंबून असते. एक उदाहरण पाहू. एखाद्या उत्परिवर्तनाची एक प्रत जीवाची तग धरण्याची व प्रजननाची क्षमता एक लक्षांशाने घटवते असे समजा. प्रभावी जीवसंख्या १०,००० असेल, तर ते सर्वत्र पसरण्याची संभाव्यता पूर्ण उदासीन उत्परिवर्तनाच्या सुमारे चार-पंचमांश राहते. म्हणजे निवडीला ते जवळपास दिसतच नाही. तेच उत्परिवर्तन १० लाखांच्या जीवसंख्येत उद्भवले, तर ही संभाव्यता व्यवहारतः शून्य होते. उत्परिवर्तन तेच, अपायही तेवढाच. परंतु एकीकडे योगायोगाचे राज्य, तर दुसरीकडे निवडीचे.

यावरून पिढीच्या लांबीचे कोडे सुटते. दीर्घ पिढीचे प्राणी सहसा आकाराने मोठे आणि संख्येने कमी असतात. त्यांच्यात दरवर्षी नवी उत्परिवर्तने कमी उद्भवतात, मात्र किंचित अपायकारक उत्परिवर्तनांपैकी अधिक टिकतात. लहान, विपुल प्राण्यांत याच्या उलट घडते. हे दोन परिणाम एकमेकांना बऱ्याच अंशी छेदतात. हा विचार ओता यांनी १९७३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एकटीच्या नावाने प्रसिद्ध केला.

विरोध आणि पडताळणी

या मांडणीला दोन्ही बाजूंनी आक्षेप घेतले गेले. निवडवाद्यांना ती उदासीन सिद्धांताचीच पळवाट वाटली. खुद्द किमुरा यांनी १९७९ मध्ये तशा प्रकारचे एक प्रतिमान मांडले खरे, तथापि त्यांचा कल अखेरपर्यंत काटेकोर उदासीनतेकडेच राहिला. किंचित अपायकारक बदल अखंड साचत गेले तर जातीचा सतत ऱ्हास होईल, हा आक्षेप अधिक गंभीर होता. ओता यांनी तो टाळला नाही. हिदेनोरी ताचिदा यांच्यासह केलेल्या नंतरच्या प्रतिमानांत एखाद्या बदलाचा परिणाम आधीच्या बदलांच्या संदर्भात मोजला जातो आणि किंचित हितकारक उत्परिवर्तनांनाही त्यात जागा आहे.

सिद्धांताची खरी कसोटी डीएनएचे क्रम वाचता येऊ लागल्यावरच शक्य झाली. १९९५ मध्ये ओता यांनी नरवानर, समखुरी आणि कृंतक या सस्तन गटांतील ४९ जनुकांची तुलना केली. प्रथिनातील अमिनो आम्ल न बदलणाऱ्या फरकांमध्ये पिढीच्या लांबीचा प्रभाव ठळक होता, कृंतकांचा वेग बराच अधिक होता. अमिनो आम्ल बदलणाऱ्या फरकांमध्ये मात्र हा प्रभाव क्षीण झालेला दिसला. सिद्धांताचे भाकीत नेमके हेच होते.

अन्य संशोधन

किमुरा यांच्यासह १९७३ मध्ये मांडलेले पायरीवार उत्परिवर्तनाचे प्रतिमान मुळात प्रथिनांसाठी होते. पुढे डीएनएमधील लघुपुनरावृत्त क्रमांच्या विश्लेषणात त्याचा व्यापक उपयोग झाला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ओता बहुजनुक कुलांकडे वळल्या. रायबोसोमच्या किंवा प्रतिपिंडांच्या जनुकांप्रमाणे काही जनुके अनेक प्रतींत असतात, आणि या प्रती परस्परांचे क्रम उचलत एकत्रितपणे बदलत जातात. या प्रक्रियेचे गणित त्यांनी १९८० च्या ग्रंथात मांडले.

प्रभाव

मावा किडीच्या पेशींत राहणारे जीवाणू दर पिढीला मोजक्याच संख्येने मातेकडून पिल्लांकडे जातात. नॅन्सी मोरन यांनी १९९६ मध्ये अशा जीवाणूंच्या प्रथिनांत अपायकारक बदल वेगाने साचत असल्याचे दाखवले. उत्तर ध्रुवीय महासागरातील रँगल बेटावर सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत काही शे मॅमथ तग धरून होते. त्यांच्यापैकी एकाच्या जनुकसंचात, मुख्य भूमीवरील मॅमथच्या तुलनेत, बिघडलेली जनुके अधिक आढळल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दुर्मीळ प्राण्यांच्या संवर्धनात केवळ अधिवास राखून भागत नाही, संख्याही राखावी लागते, या आग्रहाला यातून सैद्धांतिक आधार मिळतो.

सन्मान

भूरसायनशास्त्रज्ञ कात्सुको सारुहाशी यांच्या नावाचा, जपानी महिला वैज्ञानिकांना दिला जाणारा पुरस्कार १९८१ मध्ये प्रथमच देण्यात आला, तो ओता यांना. १९८५ मध्ये त्यांना जपान अकादमी पुरस्कार मिळाला आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. २०१५ चा क्राफोर्ड पुरस्कार त्यांना रिचर्ड लेवॉन्टिन यांच्यासह विभागून देण्यात आला. ज्यांच्या फळमाश्यांनी हा वाद सुरू केला होता, तेच हे लेवॉन्टिन. २०१६ मध्ये जपान सरकारने त्यांना ‘ऑर्डर ऑफ कल्चर’ या सन्मानाने गौरवले.