अस्वलाच्या पोशाखाचे कापड : कृत्रिम फर मऊ का असते आणि भरकन का पेटते?

शाळेच्या स्नेहसंमेलनात अस्वल, सिंह किंवा ससा मंचावर आला की टाळ्या हमखास पडतात. शिगमोत्सवातील वेशभूषा स्पर्धा असो की कार्निव्हलचा चित्ररथ, केसाळ कापडाचा एखादा तुकडा कुठे तरी डोकावतोच. बाजारात त्याला नुसते ‘फर’ म्हणतात. प्राण्याशी त्याचे नाते दिसण्यापुरतेच. घडण सारी रासायनिक तंतूंची.

विसाव्या शतकाच्या आरंभी टेडी बेअर जन्माला आला तेव्हा त्याच्या अंगावर मोहेर, म्हणजे अंगोरा शेळीचे केस होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲक्रिलिक आणि त्याचे भावंड मोडॅक्रिलिक हे तंतू कारखान्यांतून निघू लागले आणि खेळण्यांची कातडीच बदलली. वेल्समधील वेंडी बॉस्टन यांच्या कारखान्याने १९५४ मध्ये यंत्रात धुता येणारे अस्वल बाजारात आणले. आज मिळणारी फर बहुधा ॲक्रिलिक, मोडॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टरची असते.

ती तयार होते मोठ्या रंजक रीतीने. पिंजलेल्या तंतूंचे पेळू गोल विणकाम यंत्रात सोडले जातात. यंत्र पायाचे कापड विणत असतानाच प्रत्येक टाक्यात तंतूंचा एक झुबका अडकवत जाते. मागून चिकट लेप देऊन झुबके पक्के केले जातात. मग तापलेल्या रुळाखालून कापड फिरवून केस सरळ आणि चकचकीत करतात व हव्या त्या लांबीवर कातरतात. काही प्रकारांत उष्णतेने आक्रसणारे तंतू मुद्दाम मिसळलेले असतात. ते आखूड होऊन खाली दाट लव तयार होते आणि न आक्रसलेले लांब केस वर उरतात. खऱ्या जनावराच्या अंगावरही अशीच दुहेरी रचना असते.

हा मऊपणा येतो तो केसांच्या मध्ये अडकलेल्या हवेमुळे, आणि धोकाही तिथेच आहे. घट्ट विणलेल्या कापडात तंतू एकमेकांना बिलगलेले असतात. फरमध्ये प्रत्येक केस सुटा उभा आणि भोवती प्राणवायू. लाकडाचा ओंडका सावकाश धरतो आणि वाळलेले गवत क्षणात भडकते, तसाच हा फरक. त्यात तंतूचा स्वभाव मिसळतो. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. ॲक्रिलिकला जळत राहण्यास सुमारे १८ टक्के पुरतो. मोडॅक्रिलिकला मात्र २६ टक्क्यांहून अधिक लागतो, म्हणून ज्वाळा दूर केली की ते सहसा विझते. पॉलिएस्टर वितळून आक्रसते. वितळलेला थेंब त्वचेला चिकटला तर भाजणे खोलवर जाते.

याची किंमत अमेरिकेतील मुलांनी मोजली आहे. १९४० च्या दशकात तेथे काउबॉयचे खेळण्यातले पोशाख लोकप्रिय होते. त्यांच्या पायांवरील केसाळ भाग रेयॉनच्या लवेचा असे. तो पेटून अनेक मुले भाजली, काही दगावली. पुढे असेच लवदार रेयॉनचे स्वेटर पेटू लागले आणि १९५३ मध्ये अमेरिकेने ज्वलनशील कापडांविषयीचा कायदा केला.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे आणि आयएस ९८७३ या मानकाच्या दुसऱ्या भागात ज्वलनशीलतेची कसोटी आहे. दुकानातल्या टेडीला ती लागू होते. पण मीटरवर घेतलेल्या आणि शिंप्याकडून शिवून घेतलेल्या फरला असे कोणतेही चिन्ह नसते. तेव्हा परीक्षा घरातच करावी लागते, आणि ती मोठ्यांनीच करावी. चिमट्यात केसांचा लहानसा झुबका धरून, खाली पाण्याची परात ठेवून, मोकळ्या जागी काडी लावावी. काळा धूर सोडत भराभर जळत राहिला तर ॲक्रिलिक, काडी दूर नेताच विझला तर मोडॅक्रिलिक, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. अर्थात मिश्र कापडात उत्तर इतके स्वच्छ मिळत नाही.

संमेलनाच्या मंचावर उद्घाटनाची समई अनेकदा शेवटपर्यंत तेवत राहते आणि तिच्याच बाजूने झुपकेदार शेपट्या ये-जा करतात. ती समई उद्घाटनानंतर हलवणे एवढे साधे काम पुष्कळ ठिकाणी कोणाचेच नसते. पेटलेच तर मुलाला पळू न देता जमिनीवर लोळवावे, भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे आणि त्वचेला चिकटलेले कापड ओढू नये.

फेब्रुवारी-मार्चच्या उकाड्याचा प्रश्न वेगळाच. तीच अडकलेली हवा अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि हे तंतू घामही शोषत नाहीत. म्हणून अनुभवी कारागीर सगळा पोशाख फरचा करत नाहीत. आयाळ, कान, शेपटी आणि मनगटाच्या पट्ट्या फरच्या, बाकी अंग त्याच रंगाच्या सुती कापडाचे. सुती कापडही पेटते, पण घट्ट विणीवर ज्वाळा पृष्ठभागावरून अशी धावत नाही.

कापताना कात्री वापरू नये. उलट्या बाजूने ब्लेडने फक्त पाया कापला की केस शाबूत राहतात. लवेची दिशा सर्व तुकड्यांत एकच ठेवावी आणि शिवणीत अडकलेले केस सुईने बाहेर काढावेत. जोड दिसेनासा होतो. इस्त्री मात्र लावू नये, टोके करपून गुंतवळ होते. उरलेले तुकडे आणि कापताना उडालेले केस सुक्या कचऱ्यात द्यावेत. नरकासुराच्या होळीत किंवा परसातल्या शेकोटीत टाकू नयेत, कारण जळणाऱ्या ॲक्रिलिकमधून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघतो.