पटाशीची मूठ

अहिल्यानगर जिल्ह्यात नगर-मनमाड रस्ता जेथे प्रवरा नदी ओलांडतो, तेथे कोल्हार हे गाव वसले आहे. १९५० मध्ये जवळच, लोणीच्या परिसरात, सहकारी तत्त्वावरचा साखर कारखाना सुरू झाला. शेतातला ऊस कारखान्यापर्यंत नेण्यास बैलगाड्या लागत आणि गाड्यांसाठी सुतार लागत. चाकाचा तुंबा घडवून त्यात आऱ्यांसाठी खोल खाचा पाडणे हे काम करवतीने होत नाही; त्याला विंधणे आणि पटाशी हवी. पुढे गाड्यांना रबरी चाके आली, ट्रॅक्टर आले आणि लाकडी चाके करणारे हात कमी झाले. त्या काळच्या पटाश्या मात्र घरोघरी माळ्यावर गंजत पडलेल्या आढळतात. पाते धड असते. फुटलेली असते ती मूठ.

अशीच एक पटाशी मी भंगारात घालावयास निघालो होतो. वाटेत गावातील एका वृद्ध सुतारांनी ती हातात घेतली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि ते म्हणाले, "मास्तर, हिचं पोलाद अजून तीन बोटं शिल्लक आहे. मूठ काय, बाभळीच्या तुकड्याची होईल. संध्याकाळी या."

मी संध्याकाळपर्यंत थांबलो नाही. तेथेच बसून त्यांचे काम पाहिले.

मूठ का फुटते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची घट्ट जुडी. कडब्याची पेंढी डोळ्यांपुढे आणा. पेंढीचा बंद तुटला की ताटे विखुरतात, तसेच लाकडाचे तंतू एकमेकांपासून सुटू शकतात. पटाशीच्या पात्याला मागच्या बाजूस एक निमुळते टोक असते. ते मुठीत बसवलेले असते. मोगरीच्या प्रत्येक ठोक्याने हे टोक पाचरीप्रमाणे आत शिरू पाहते आणि तंतूंना दूर सारते. त्यावर दोन उपाय योजलेले असतात. एक म्हणजे पात्याचा रुंद खांदा. मूठ या खांद्यावर नीट टेकली, तर ठोक्याचा जोर खांदा झेलतो. दुसरा उपाय म्हणजे मुठीच्या तोंडाशी घातलेले धातूचे कडे, म्हणजे शेंबी. पेंढीला जसा बंद, तशी मुठीला शेंबी. मूठ आणि खांदा यांत फट राहिली, तर केवळ शेंबीच्या बळावर मूठ फार दिवस टिकत नाही. फुटक्या मुठीने काम करीत राहणे तर धोक्याचे. ठोका चुकीचा बसला की धारदार पाते हातावर सरकते.

जुनी मूठ काढताना अनेकजण पटाशी सरळ चुलीत घालतात. लाकूड जळून जाते खरे, पण पोलादाला दिलेले पाणी त्याबरोबर उतरते. पात्यावर निळा रंग चढला की ते मऊ पडले असे समजावे. मग धार लावावी तितकी थोडीच. आमच्या सुतारांनी फुटलेल्या भेगेत दुसरी पटाशी घालून मुठीची दोन शकले केली आणि पाते अलगद मोकळे केले.

नव्या मुठीसाठी त्यांनी बाभळीचा एक तुकडा निवडला. बाभूळ या भागात मुबलक. तिचे लाकूड जड, चिवट आणि ठोके सोसणारे असते. पण ओली बाभूळ कामाची नाही. ती वाळताना आकसते, तडकते, आणि तिच्या बाहेरच्या पांढुरक्या भागाला भुंगे लागतात. म्हणून जुने सुतार बाभळीचे ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवीत व नंतर सावलीत वाळवीत. मुठीसाठी गाभ्याचा, गाठ नसलेला आणि सरळ रेषांचा तुकडा घ्यावयाचा. तो करवतीने कापण्यापेक्षा कुऱ्हाडीने फोडलेला बरा, कारण फोडलेले लाकूड आपल्या तंतूंच्या दिशेनेच सुटते.

तुकडा वाकसाने तासून झाल्यावर आधी शेंबी आणि मग भोक, असा क्रम त्यांनी ठेवला. शेंबी किंचित लहानच असते. ती तापवली की प्रसरण पावते. तशीच लाकडावर चढवून पाणी घातले की आकसून लाकडाला घट्ट आवळते. गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहारही हेच करतो. त्यानंतर सामत्याने मुठीत भोक पाडले: तोंडाशी रुंद, आत अरुंद, पात्याच्या टोकासारखेच निमुळते. भोक तिरपे गेले तर पटाशी कायमची वाकडी चालते, म्हणून हे काम ते सर्वांत सावकाश करीत होते.

पुढची गोष्ट पाहून मला नवल वाटले. त्यांनी पाते हाताने मुठीत खोचले आणि मूठ हातात धरून पाते खाली लोंबते ठेवले. मग मुठीच्या वरच्या टोकावर मोगरीचे ठोके दिले. पाते गळून पडेल असे मला वाटले. पण प्रत्येक ठोक्यासरशी ते मुठीत वर वर चढू लागले! हे जडत्वाचे कार्य आहे. ठोक्याने मूठ एकदम खाली सरकते, जड पाते मात्र जागच्या जागी राहू पाहते. साहजिकच मूठ पात्यावर उतरते. पाते खाली टेकवून ठोकले असते, तर त्याची धार बोथट झाली असती.

याच प्रवरेच्या काठी, संगमनेरजवळ जोर्वे येथे, तीन हजार वर्षांहून जुन्या तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या आहेत. त्यांना दांडा घालण्यासाठी भोक नाही. त्या लाकडाला कशा जखडत असत, हे सांगणारा दांडा मातीत केव्हाच कुजून गेला; धातू तेवढा उरला.

मुठीला शेवटी जवसाचे तेल चोळले. रोगण लावले नाही, कारण घामाने ती हातातून निसटते. पटाशी परत देताना सुतारांनी एक सूचना केली. उन्हाळ्यात लाकूड आकसले की शेंबी सैल होते आणि लोक मूठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. सकाळी ती घट्ट लागते, परंतु फुगलेले तंतू शेंबीच्या आत चेपले जातात आणि वाळल्यावर पूर्वीपेक्षाही सैल होतात. "तसं करू नका," ते म्हणाले. "सैल झाली की इकडे आणा. शेंबी थोडी मागे ठोकली की झालं."