मिटणाऱ्या पात्याचा सांधा

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याकडच्या जंगलात शिरणाऱ्या माणसाजवळ पातं असतंच. बांबूला कुऱ्हाड किंवा कोयता, धानाला विळा, घरी भाजीला विळी. या सगळ्यांचं पातं दांड्यात किंवा पाटात कायमचं बसवलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. दिवसभर बांबूवर घाव घालणाऱ्याला हलणारा सांधा परवडत नाही. त्यामुळे मिटून खिशात जाणारा चाकू या मुलखात कामाचं हत्यार म्हणून फारसा रुजला नाही. तो आला जत्रेतून, शहरातून आणि हल्ली कुरिअरनं. जंगलात हौसेनं भटकणाऱ्या नव्या पिढीच्या खिशात आता चांगल्या प्रतीचे घडीचे चाकू दिसू लागले आहेत. ते हाती आल्यावरची पहिली तक्रार बहुतेकांची एकच असते: एवढे पैसे मोजले, आणि हा नीट उघडतसुद्धा नाही.

तक्रार खरी आहे, पण बहुधा चाकूत दोष नसतो. चांगला घडीचा चाकू कारखान्यातून अर्धवट तयार होऊन येतो. उरलेलं काम वापरणाऱ्याच्या हातानं व्हायचं असतं.

मराठी घराला सांध्याचं पातं अगदीच परकं नाही. पानाच्या डब्यातला अडकित्ता हे तेच यंत्र आहे: दोन दांडे, एक पातं आणि टोकाशी एक खीळ. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा जो संग्रह आहे, तो पाहताना लोकांची नजर घोड्यांवर, पोपटांवर, नक्षीवर खिळते. मला त्यात खिळीची जागा पाहावीशी वाटते. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला आणि 1975 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या हवाली केलेला हा ठेवा म्हणजे आपल्या कारागिरांनी सांध्याचा किती विचार केला होता याचा पुरावाच आहे. खीळ सैल असेल तर सुपारी निसटते, घट्ट असेल तर मनगट दुखतं. नवा अडकित्ता आधी कुरकुरतो, थेंबभर तेल घेतो आणि वापरता वापरता घरच्या हाताला लागतो.

घडीच्या चाकूची अडचण याहून मोठी आहे. अडकित्त्याला फक्त हलायचं असतं. चाकूला हलायचंही असतं आणि उघडल्यावर मुळीच न हलता उभं राहायचं असतं. एकाच खिळीकडून या दोन उलट मागण्या. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ जगभरचे चाकू करणारे याच कोड्याला भिडलेले आहेत.

स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कार्ल एल्सनरनं 1884 मध्ये कारखाना काढला. पुढे त्याचंच नाव व्हिक्टोरिनॉक्स झालं. त्याच्या 1897 च्या ऑफिसर चाकूत पात्याच्या पाठीला एक जाड स्प्रिंगपट्टी रेटून धरते. पातं अर्ध्यावर असताना ती ताणलेली असते, पूर्ण उघडलं की खट्‌कन बसते. कुलूप मात्र नाही. जोरानं उलटं दाबलं तर पातं बोटांवर मिटतं. फ्रान्सच्या साव्हा भागात जोसेफ ओपिनेलनं 1890 मध्ये शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा चाकू केला. त्यावर फिरवून बसवायची कुलपाची कडी 1955 मध्ये आली. अमेरिकेत बक कंपनीच्या 110 या चाकूनं 1964 पासून पाठीवरच्या खटक्याचं कुलूप घरोघर पोचवलं. आपल्या देशात या विषयावर पहिलं नाव निघतं ते रामपूरचं. रामपुरी चाकूला हिंदी सिनेमानं गुंडाच्या हातात दिलं आणि त्या कारागिरीवर कायमचा डाग बसवला. रामपुरात 2023 मध्ये एका चौकात सुमारे 20 फूट लांबीचा चाकू उभारला गेला. आपल्या कारागिरांची आठवण शहरानं अशी उघडपणे मिरवावी हे मला मनापासून आवडलं.

आज ज्याला उंची चाकू म्हणतात, त्याची घडण साधारण चार दशकांपूर्वी ठरली. सॅल ग्लेसरच्या स्पायडर्को कंपनीनं 1981 मध्ये पात्याला गोल भोक पाडलं, मुठीला खिशाची पट्टी लावली आणि चाकू एका हातानं उघडू लागला. त्याच दशकात मायकेल वॉकर यानं मुठीच्या आतल्या धातूच्या पट्टीलाच कुलूप बनवण्याची रीत रूढ केली. पातं उघडलं की पट्टी आडवी सरकते आणि पात्याच्या बुडाशी टेकते. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या ख्रिस रीव्हनं पुढचं पाऊल टाकलं. त्याच्या सेबेन्झा चाकूत वेगळी पट्टी नाही, टायटॅनियमच्या मुठीचाच एक भाग कापून त्याचं कुलूप केलेलं आहे. मुठीवर जितकी पक्की पकड, तितकं कुलूप पक्कं.

आता नव्या चाकूच्या ताठरपणाकडे येऊ. तो तीन जागी असतो.

पातं आणि मूठ यांच्यामध्ये दोन पातळ चकत्या असतात, बहुधा फॉस्फर ब्राँझच्या. डोळ्यांना त्या गुळगुळीत दिसतात, पण त्यांच्यावर यंत्राच्या बारीक रेघा असतात. पातं फिरतं तेव्हा कडक पोलाद मऊ ब्राँझवर घासतं आणि रेघांचे उंचवटे दबत जातात. दुसरी जागा कुलपाच्या पट्टीत बसवलेल्या छोट्याशा गोळीची. चाकू मिटलेला असताना ही गोळी पात्याच्या बुडावरच्या खड्ड्यात बसते आणि पातं खिशात आपोआप उघडू देत नाही. अंगठ्याचा जोर पुरेसा झाला की ती खड्ड्यातून निघते आणि पात्याच्या अंगावरून घसरत जाते. रोजच्या उघडझापीनं तिची एक कमानीसारखी चकचकीत वाट तयार होते. ही वाट गुळगुळीत झाली की चाकू मोकळा झाला. जुना सेबेन्झा बाळगणारे ज्या रेशमी चालीचं कौतुक करतात, ती अशी वापरातून आलेली असते.

तिसरी जागा कुलपाच्या तोंडाची. टायटॅनियम पोलादाला चिकटतं, म्हणून नव्या चाकूचं कुलूप सोडताना अंगठ्याला जोर लावावा लागतो. काही कारखाने त्या तोंडाशी पोलादाचा तुकडा बसवतात. तसा नसेल तर जुना, खात्रीचा उपाय शिसपेन्सिलीचा. कुलपाच्या तोंडावर दोन-चार रेघा ओढायच्या. ग्राफाइट तिथं वंगणाचं काम करतं.

इथं लोक घाई करतात. चाकू ताठ वाटला की पहिल्या दिवशीच खिळीचा स्क्रू ढिला करतात. मग पातं डावी-उजवीकडे डुलू लागतं, कुलूप वाकडं बसतं. काही जण पॉलिश पेपरनं चकत्या घासतात. तो तर सरळ नाश आहे, कारण चकतीची जाडी सगळीकडे सारखी असण्यावरच सगळं उभं असतं. आधी वापर होऊ द्यावा. रोज संध्याकाळी थोडा वेळ सावकाश उघडझाप, मग मऊ कापडानं पुसणं, खिळीपाशी तेलाचा एक थेंब. त्यानंतरही ताठपणा राहिला तरच स्क्रूला हात लावावा, तोही केसभर फिरवून, दर वेळी दोन गोष्टी पाहत: उघडं पातं बाजूला हलतं का आणि मिटलेलं पातं मुठीच्या बरोबर मध्ये बसतं का. पातं एका बाजूला झुकून मुठीला घासत असेल तर जबरदस्ती करू नका, विकणाऱ्याकडे परत द्या.

तेलाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या घरात तेलांची कमतरता नाही आणि हात जे सापडेल त्याकडे जातो. खिळीला शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल थंडीत गोठतं. जवसाचं तेल तर खिळीत कधीही घालू नये. ते हवेनं सुकतं आणि त्याचा चिकट थर बनतो. आपल्याकडे धानाच्या बांधीत लाखोळीच्या जोडीनं जवस पेरतात, त्यामुळे ते घरात असतंच. त्याची खरी जागा लाकडी मुठीवर आहे. सुकण्याचा जो गुण खिळीला मारक, तोच लाकडाला तारक ठरतो.

लाकडी मूठ इथल्या पावसाळ्यात वेगळीच परीक्षा घेते. ओपिनेलची मूठ बीचच्या लाकडाची असते. जून-जुलैच्या दमट हवेत लाकूड फुगतं, खाचेत पातं आवळलं जातं, नखानं ओढून निघत नाही. फ्रान्सच्या ज्या डोंगराळ भागात हा चाकू जन्मला, तिथल्या लोकांची यावर युक्ती आहे. कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलावर किंवा दगडावर ठोकायचं, पात्याचं टोक आपोआप वर येतं आणि मग ते बोटांत धरून उघडता येतं. नव्या मुठीला कोरड्या दिवसांत जवसाचं तेल चोळून ती चांगली सुकू दिली तर फुगणं कमी होतं. या चाकूचं कार्बन पोलाद गंजतंही लवकर. चिंच, लिंबू, कैरी कापून तसाच मिटला तर सकाळी पात्यावर डाग दिसणारच.

आता उघडण्याची रीत. यात हाताला शिकवावं लागतं आणि ते बसून शिकावं, उभं राहून नाही. पात्याच्या धारेवर चिकटपट्टी लावा. समोर गादी किंवा सतरंजी असू द्या. घरात लहान मूल जवळ असेल तर सराव दुसऱ्या वेळी. सगळ्यात पहिला नियम हातात चाकू येण्याआधीच मनात पक्का करा: चाकू निसटला तर झेलायचा नाही, पडू द्यायचा. पडणारी वस्तू झेलण्याची हाताची सवय जुनी आहे, ती ठरवून मोडावी लागते.

सुरुवातीचे दिवस दोन्ही हातांनी उघडा. कुलूप बसल्याचा आवाज कानाला आणि बसल्याचा धक्का तळहाताला ओळखीचा होऊ द्या. मग एका हाताकडे वळा. अंगठा पात्याच्या भोकावर किंवा पात्यावरच्या खुंटीवर ठेवून नवशिके पातं सरळ वर ढकलतात आणि अडकतात. पातं खिळीभोवती फिरणार आहे, तेव्हा अंगठ्यानंही वर्तुळातच जायला हवं: आधी मुठीपासून बाहेर, मग कमानीत पुढे. दुसरी अडचण उरलेल्या बोटांची. मुठीलाच कुलूप असलेल्या चाकूत मधली बोटं नकळत कुलपाच्या पट्टीवर दाबलेली असतात. त्यामुळे ती गोळी खड्ड्यात आणखी घट्ट रुतते आणि अंगठा कितीही झटला तरी पातं हलत नाही. उघडत नाही म्हणून परत पाठवलेल्या कितीतरी चाकूंना एवढंच दुखणं असावं असं मला वाटतं. बोटं पट्टीवरून काढून मुठीच्या कडेला धरा. तोच चाकू एकदम हलका लागेल.

काही चाकूंच्या पात्याला मागे एक शेपटी असते, मिटल्यावर ती मुठीबाहेर डोकावते. ती तर्जनीनं दाबायची. इथं हळू दाबून उपयोग नाही. विजेचं बटण दाबतो तसा एक ठाम दाब हवा. मनगटाला झटका देऊन पातं फेकायची सवय मात्र लावून घेऊ नका. त्यानं पातं उघडल्यावर जिथं टेकतं त्या अडणीवर आपटतं, कुलूप लवकर झिजतं आणि आसपासच्या माणसाला वाटतं की तुम्ही त्याला धाक दाखवताय.

मिटणं हे उघडण्याहून धोक्याचं. पट्टी अंगठ्यानं सरकवताना तो अंगठा पात्याच्या वाटेत असतो. पातं थोडं मिटलं की अंगठा बाहेर घ्यायचा, मग उरलेलं मिटवायचं. ही दोन पावलं वेगळीच ठेवावीत, हात कितीही सरावला तरी.

एका हातानं उघडण्याला इथं खरा अर्थ आहे. दुसऱ्या हातात दोर असतो, फांदी असते, बुजलेलं जनावर असतं. पण याच मुलखाची धूळ, धानाचा भुसा आणि फणसाचा चीक चाकूचे वैरी आहेत. म्हणून बेअरिंगवर फिरणारे चाकू मी इथल्या कामाला सुचवत नाही. ते पहिल्या दिवसापासून मऊ फिरतात, दुकानात मोह घालतात, पण बारीक छऱ्यांत कण शिरला की करकरतात. चकत्यांचा चाकू उशिरा मोकळा होतो आणि मळ सोसतो.

पोलादाचं वेड मात्र आवरतं घ्यावं. क्रूसिबल कंपनीचं एस30व्ही 2001 मध्ये आलं, मॅग्नाकट 2021 मध्ये. दोन्ही उत्तम आहेत आणि धार दीर्घकाळ धरतात. पण बोथट झाल्यावर त्यांना घरच्या साध्या दगडावर पुन्हा धार लावताना दम निघतो. साधं स्टेनलेस लवकर बोथट होतं आणि लवकर धारही घेतं.

कायद्याचंही भान हवं. भारताच्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत येतात. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू या मापाच्या खूप आत असतो. तरी निवडणूक, मोर्चा, जमावबंदी अशा वेळी तो घरी ठेवावा, विमानप्रवासात केबिनच्या बॅगेत तर कधीच नको. गडचिरोली जिल्ह्यात रस्त्यावर तपासणी होते, तेव्हा चाकू कशासाठी बाळगला याचं सरळ उत्तर आपल्याजवळ असलं पाहिजे.

पहिला चाकू घ्यायचा असेल तर तीन-साडेतीन इंच पात्याचा, कुलूप असलेला, चकत्यांवर फिरणारा आणि स्क्रू उघडून साफ करता येणारा घ्या. पहिला महिना तो घरातच वापरा: फळं, दोऱ्या, पोत्याची शिवण, पार्सलच्या पेट्या. हात न बघता पातं उघडू आणि मिटवू लागला की मगच तो घेऊन जंगलाची वाट धरा.