थेट प्रक्षेपण आणि कॅमेरामन

दि. १४ नोव्हेंबर १९९२ रोजी डर्बन येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटी सामन्यात सचिन तेंडुलकर धावबाद झाला. हा निर्णय मैदानावरील पंचांनी नव्हे, तर दूरचित्रवाणीवरील दृश्य पुन्हा पाहून तिसऱ्या पंचांनी दिला. अशा रीतीने बाद ठरलेला तो पहिलाच फलंदाज होय. तेव्हापासून कॅमेरामन हा केवळ खेळ दाखविणारा राहिला नाही. निर्णयासाठी पुरावा पुरविण्याची जबाबदारीही त्याच्यावर आली.

चित्रपटातील बिघडलेले दृश्य पुन्हा घेता येते. थेट प्रक्षेपणात ही सोय नाही. कबड्डीतील ३० सेकंदांची चढाई कॅमेऱ्यासाठी पुन्हा होत नसते. म्हणून तिपाई पक्की बसविणे, केबल व भिंगे तपासणे, सर्व कॅमेऱ्यांचे रंग परस्परांशी जुळविणे ही कामे सामन्यापूर्वीच पुरी करावी लागतात.

सामना सुरू झाला की मैदानाबाहेर उभ्या असलेल्या ओ. बी. व्हॅनमध्ये बसून दिग्दर्शक सर्व कॅमेऱ्यांची दृश्ये एकाच वेळी पाहतो आणि हेडफोनवरून सूचना देतो. ज्या कॅमेऱ्याचे दृश्य प्रेक्षकांकडे जात असेल, त्यावरील लाल दिवा लागतो. तथापि दिवा नसला तरी काम थांबत नाही. दिग्दर्शक कोणत्याही क्षणी ते दृश्य निवडू शकतो.

प्रत्येक कॅमेऱ्याचे काम ठरलेले असते. क्रिकेटमध्ये गोलंदाजामागील उंचावरचा कॅमेरा चेंडूचा पाठलाग करतो, तर धावबादसाठी बाजूचे कॅमेरे क्रीजच्या रेषेवर रोखलेले असतात. मोठ्या सामन्यांत येथे चालकाविना स्थिर कॅमेरेही बसवितात. परंतु त्यांची रेषा अचूक साधण्याचे काम माणसालाच करावे लागते. ती किंचित चुकली, तर निर्णयही चुकण्याचा संभव असतो.

खेळ थांबलेला असतानाही दक्षता सोडून चालत नाही. मार्च २०१८ मध्ये केपटाउन कसोटीत चेंडू घासण्याचा ऑस्ट्रेलियन खेळाडूचा प्रयत्न कॅमेऱ्यांनीच टिपला आणि कर्णधार व उपकर्णधार यांच्यावर एक वर्षाची बंदी आली.

या व्यवसायाकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला यंत्राचे ज्ञान हवेच. पण तेवढे पुरेसे नाही. खेळाचे नियम व डावपेच ठाऊक असतील, तरच पुढचा क्षण कोठे घडणार याचा अंदाज बांधता येतो. त्याहून कठीण शिस्त वेगळीच आहे : सारे मैदान सीमारेषेकडे पाहत असता, नेमून दिलेल्या जागेवरून नजर न हलविणे.