पक्षिस्नानपात्र

पक्षिस्नानपात्र म्हणजे पक्ष्यांना पाणी पिता यावे आणि अंघोळ करता यावी यासाठी बागेत, अंगणात, गच्चीवर किंवा बाल्कनीत ठेवलेले उथळ, पसरट भांडे होय. बोलीभाषेत त्यास पक्ष्यांचा पाणवठा असेही म्हणतात. बाजारात खांबावर बसवलेल्या नक्षीदार पात्रांपासून कुंडीखालच्या मातीच्या बशीपर्यंत त्याचे अनेक प्रकार मिळतात. पक्ष्यांच्या दृष्टीने पात्राची खोली, तळाचा खडबडीतपणा आणि ते किती सहज घासता येते या तीन गोष्टी रूपापेक्षा महत्त्वाच्या ठरतात.

पात्राच्या काठावर बसून पाणी पिणारे पक्षी हा कलेतील जुना विषय आहे. इटलीतील तिवोली येथे रोमन सम्राट हेड्रियनच्या प्रासादाच्या अवशेषांत १७३७ मध्ये सापडलेल्या मोझेक चित्रात पाण्याने भरलेल्या भांड्याच्या काठावर चार कबुतरे दाखवली आहेत. हे चित्र आता रोममधील कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे.

पाण्याची गरज

पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. उन्हाळ्यात चोच उघडी ठेवून धापा टाकणारा कावळा किंवा गळ्याची त्वचा भराभर थरथरवणारे कबुतर तोंडातील व श्वसनमार्गातील ओलाव्याचे बाष्पीभवन करून शरीर थंड ठेवत असते. यात शरीरातील पाणी खर्च होते. तांबटासारख्या फळांवर जगणाऱ्या पक्ष्याला त्याची बरीचशी भरपाई अन्नातून मिळते. कोरडे दाणे टिपणाऱ्या चिमण्या, होले आणि मुनिया यांना मात्र उघड्या पाण्याचा शोध घ्यावा लागतो. विहिरीजवळच्या गुरांच्या दगडी डोणी, गळके नळ, अंगणातील मोऱ्या ही त्यांची पूर्वीची ठिकाणे शहरांतून बहुतांशी नाहीशी झाली आहेत.

अंघोळीने पिसांतील धूळ निघते. त्यानंतर पक्षी शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतील तेल चोचीने पिसांना लावतो व ती सारखी करतो. ही गरज केवळ उन्हाळ्यापुरती नसते. सर्वच पक्षी पात्रात उतरतात असेही नाही. कोतवाल उडता उडता पाण्यावर झेप घेऊन अंग भिजवतो, शिंजीर ओल्या पानांवर अंग घासतो, तर चिमणीला पाण्याइतकेच धुळीत लोळणेही आवडते. साळुंकी, बुलबुल, दयाळ आणि थव्याने येणारे सातभाई हे पात्राचे नेहमीचे पाहुणे होत.

खोली आणि तळ

तहानलेल्या कावळ्याच्या गोष्टीतील घडा हे अयोग्य पात्राचे उत्तम उदाहरण आहे: पाणी होते, पण चोच पोहोचत नव्हती. लहान पक्षी पाय टेकल्याशिवाय पाण्यात उतरत नाहीत. त्यामुळे काठाशी सुमारे १ ते २ सेंटिमीटर आणि मध्यभागी फार तर ५ सेंटिमीटर पाणी राहील असा हळूहळू उतरता तळ असावा. उभ्या भिंतीची बादली, घमेले किंवा खोल टोपले यांत लहान पक्षी, खारी व मधमाश्या बुडण्याचा धोका असतो. घरात खोलगट भांडेच उपलब्ध असेल, तर त्यात दगड रचून पाण्याबाहेर डोकावणारा उतार करता येतो. मधमाश्यांनाही अशा दगडांचा आधार मिळतो.

तळ गुळगुळीत नसावा. चकचकीत लुकण दिलेली चिनी माती, काच आणि पॉलिश केलेला संगमरवर दिसायला सुंदर असले, तरी ओल्या पायांखाली निसरडे होतात.

साहित्य आणि वजन

महाराष्ट्रातील उन्हाळ्यात बिनलुकणाच्या भाजलेल्या मातीचे पात्र सोयीचे ठरते. माठाप्रमाणेच त्याच्या छिद्रांतून पाणी पाझरून त्याचे बाष्पीभवन होते व आतील पाणी तुलनेने थंड राहते. मात्र त्याच छिद्रांत शेवाळ लवकर धरते आणि थोड्याशा धक्क्याने पात्र फुटते. सिमेंटचे किंवा दगडाचे पात्र खडबडीत व स्थिर असते, पण उचलता येत नाही. धातूचे पात्र विदर्भ-मराठवाड्यातील दुपारच्या उन्हात चटके बसण्याइतके तापते. प्लॅस्टिक हलके असल्याने कबुतर काठावर बसताच कलंडू शकते.

स्थिरतेसाठी वजन हवे आणि स्वच्छतेसाठी ते नको, हा निवडीतील खरा पेच आहे. ४० सेंटिमीटर व्यासाच्या पात्रात ४ सेंटिमीटर पाणी भरल्यास ते सुमारे ५ लिटर होते. म्हणजे पात्राचे वजन सोडून केवळ पाणीच ५ किलोग्रॅम भरते. ३० सेंटिमीटर व्यास आणि ३ सेंटिमीटर खोली असल्यास ते जेमतेम २ लिटर असते. खांबावरच्या पात्राची वाटी सुटी निघत नसेल, तर ते कितीही देखणे असले तरी न घेतलेले बरे. पाणीटंचाईच्या भागातही लहान पात्र वारंवार भरणे मोठे पात्र शिळ्या पाण्याने भरलेले ठेवण्यापेक्षा हितावह असते.

जागा

भिजलेल्या पक्ष्याला चपळाईने उडता येत नाही. त्यामुळे पात्राला लागूनच दाट झुडूप असल्यास तेथे दबा धरून बसलेल्या मांजराचे फावते. आणि जवळपास एकही फांदी नसल्यास शिक्र्यापासून लपण्यास जागा उरत नाही. झुडपापासून साधारण २ ते ३ मीटर अंतर यासाठी योग्य मानले जाते. मांजरांचा वावर असलेल्या आवारात पात्र जमिनीऐवजी उंचावर ठेवावे. दुपारी सावली पडणारी जागा चांगली, पण फांदीच्या थेट खाली पाने व विष्ठा पाण्यात पडते. मोठ्या काचेच्या खिडकीसमोर पात्र ठेवल्यास काचेतील प्रतिबिंबाकडे झेपावून पक्षी दगावू शकतात.

स्वच्छता आणि रोगप्रसार

अनेक पक्षी एकाच पाण्यात चोच बुडवतात, त्यातच अंघोळ करतात आणि विष्ठाही टाकतात. कावळे पोळीचे तुकडे व हाडे भिजवायला तेथेच आणतात. ट्रायकोमोनास गॅलिनी हा एकपेशीय परजीवी कबुतर व होल्यांच्या घशात आढळतो आणि दूषित पाण्यातून व दाण्यांतून इतर पक्ष्यांत पसरू शकतो. ब्रिटनमध्ये २००५ मध्ये तो फिंच पक्ष्यांत दिसू लागला. त्यानंतर तेथील बागांमधून नेहमी दिसणाऱ्या ग्रीनफिंचची संख्या इतकी घटली की, २०२१ मध्ये हा पक्षी ब्रिटनच्या संवर्धनविषयक लाल यादीत गेला. पक्ष्यांच्या प्रेमापोटी ठेवलेले भांडेच रोगाचे केंद्र बनू शकते. हा परजीवी कोरड्या स्थितीत तग धरत नाही, म्हणून पात्र उन्हात पूर्ण वाळवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

डासांच्या बाबतीत मात्र एवढे पुरत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास पाण्याच्या रेषेलगत, भांड्याच्या ओल्या भिंतीवर अंडी घालतो. ही अंडी कोरड्या अवस्थेत अनेक महिने टिकतात व पुन्हा पाणी मिळताच फुटतात. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास आठवडा ते दहा दिवस पुरतात. त्यामुळे पाणी उन्हाळ्यात रोज व इतर वेळी निदान दर दोन दिवसांनी बदलावे आणि आठवड्यातून एकदा पात्राच्या भिंती काथ्याने किंवा ब्रशने खरवडून घासाव्यात. नारळाच्या शेंडीनेही हे काम होते. साबणाचा अंश पिसांवरील तेल घालवतो, म्हणून तो टाळणे इष्ट. दोन सारखी पात्रे घेऊन एक वापरात व दुसरे उन्हात ठेवण्याची पद्धत सोयीची आहे.

परिसरात आजारी, पिसे फुगवून सुस्त बसलेले किंवा गिळताना त्रास होणारे पक्षी दिसू लागल्यास पात्र रिकामे करून काही आठवडे पालथे ठेवावे लागते. दाणे ठेवणेही त्या काळात थांबवतात. घराबाहेरगावी जातानाही पात्र पालथेच ठेवावे.